बेअरिंगचा झोपाळा

झोपाळ्याची हौस मला लागली ती एका डॉक्टरीणबाईंच्या ओसरीवर. मुलीच्या वेळचे दिवस होते आणि मी माहेरी, गडहिंग्लजला गेले होते. बाई घरातच पेशंट तपासायच्या. ओसरीवर दोन बाकं आणि एक झोपाळा. बाकं भरलेली, म्हणून आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, मला झोपाळ्यावर बसवलं. माझे पाय सुजलेले, पोटात काही ठरत नव्हतं, आणि पहिलटकरणीला वाटते ती सगळी भीती वाटत होती. कुणीतरी झोपाळ्याला हलकेच ढकललं. पाय जमिनीवरून सुटले आणि पायांबरोबर डोक्यातलंही काहीतरी सुटलं. माझा नंबर आला तेव्हा मी अव्वाला म्हणाले, "पुढच्या बाईला जाऊ दे आत." त्यावर अव्वा कानडीत जे पुटपुटली ते मी इथं लिहीत नाही.

मग बरीच वर्षं गेली. मुलगी शाळेत जायला लागली, आणि नव्वदीच्या मध्यावर आम्ही पंचगंगेचा पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला एक छोटा प्लॉट घेऊन घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं पोर्च. आमच्याकडं घर बांधताना पोर्च आधी करतात आणि त्यात काय ठेवायचं ते नंतर ठरवतात. आमच्या पोर्चमध्ये ह्यांची स्कूटर होती, आणि स्कूटरच्या भोवती ह्यांनी "लागेल कधीतरी" म्हणून जमवलेलं लोखंड होतं. ह्यांची उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, लेथची छोटी शेड. मापात लोखंड कातायचं हे त्यांचं काम, आणि तेच त्यांचं करमणुकीचंही साधन.

एका रविवारी मी विषय काढला.

"अहो, इथं झोपाळा छान दिसेल."

"कुठं?"

"इथं. स्कूटरच्या जागी."

ह्यांनी आधी स्कूटरकडं बघितलं, मग माझ्याकडं. आम्हा दोघींपैकी घरात कोण राहणार याचा विचार त्यांच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होता.

"स्लॅब टाकायच्या वेळी का न्हाई बोललीस? दोन हूक सोडले असते की."

"बोलले होते. तुम्ही सेंट्रिंगवाल्याशी भांडत होता."

हे खरं होतं. मी म्हणाले, बाजारात तयार मिळतात, पाइपच्या स्टँडवर बसवलेले, स्लॅबला हात लावायला नको. तेवढं बोलायला नको होतं.

"विकत आणायचा? आणि मी लेथवर काय फुगे फुगवतो व्हय?"

गणपती झाल्यावर काम सुरू झालं. ह्यांनी पोर्चच्या फरशीवर खडूनं झोपाळा काढला, खऱ्या मापाचा. तो आठवडाभर तिथं होता आणि मुलगी त्यावर लंगडी घालायची. मग एकदा संध्याकाळी ह्यांनी मला पोर्चमध्ये खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत पायाचं माप घेतलं, स्टीलच्या टेपनं, दोनदा. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालायच्या थांबून बघत राहिल्या.

"पाय जमिनीला टेकायला नकोत," मी म्हणाले.

"मग थांबवणार कशानं?"

"थांबवायचं कशाला?"

ह्यांनी टेप गुंडाळली आणि ते आत गेले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात गेलं होतं हे मला दिवाळीत कळलं.

रोज शेडमधून येताना त्यांच्या डब्याच्या पिशवीत झोपाळ्याचा एकेक भाग यायचा. साध्या साखळीवर त्यांचं समाधान नव्हतं. सळ्या कातून त्यांनी कड्या केल्या, प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांना एकेक मणी सोडलेला, आणि मणी असे चकचकीत की मुलगी त्यात आपले दात बघायची. फळी वखारीतून आणली, सागवानी. मला पाठ टेकायला हवी होती, ह्यांना नको होती. "पाठ टेकली की माणूस उठत न्हाई." मी म्हटलं, "मला उठायचंच नाही." पाठ बसली.

राहिला प्रश्न स्लॅबचा. एका रविवारी ह्यांनी ड्रिल मशीन आणून स्लॅबला आरपार भोकं पाडली. घरभर पांढरी धूळ. वर गच्चीवर लोखंडाची जाड पट्टी आडवी टाकली आणि तिच्यातून बोल्ट खाली सोडले. डांबर ओतून भोकं बुजवली, तरी ते बोल्ट गच्चीवर बोटभर वर राहिलेच. पापड वाळत घालताना मी त्यांना ठेचकाळले नाही असं एकही वर्ष गेलं नाही.

बसवायच्या दिवशी वजनाची परीक्षा झाली. आमच्या कोपऱ्यावर एक पैलवान राहायचे. कुस्ती सोडून पंधरा-वीस वर्षं झाली होती, आता दोन म्हशी होत्या, पण शरीर अजून दारात मावत नसे. ह्यांनी त्यांना बोलावून आणलं.

"पैलवान, बसा."

"मी? नगं. तुटंल."

"तुटला तर माझं नाव बदला."

पैलवान अगदी जपून, पाण्यात उतरावं तसे बसले. काही झालं नाही. मग ह्यांच्या शेडमधले चौघे त्यांच्या मांडीवर आणि कडेला कसेबसे चढले. तरी काही झालं नाही. मग ह्यांनी झोपाळ्याला एक धक्का दिला, आणि तेव्हा मात्र झालं. कड्यांच्या वरच्या टोकाला ह्यांनी बेअरिंग घातली होती, कुठल्याशा जुन्या ट्रॅक्टरची, ग्रीस भरून. झोपाळा गेला, आला, गेला, आला. आवाज नाही, कुरकूर नाही. आणि थांबायचं नाव नाही. पाच माणसांचे पाय हवेत, कारण उंची माझ्या पायाच्या मापाची होती, आणि वर त्यात चार बोटं जास्त घातली होती.

"थांबवा की!" पैलवान ओरडले.

"थांबवायचं कशाला?" हे म्हणाले, आणि माझ्याकडं बघून हसले. लग्नानंतर इतके खूश झालेले मी त्यांना फार वेळा पाहिलेले नाहीत.

झोपाळा परत येताना फळीचा कोपरा स्कूटरच्या आरशाला लागला आणि आरसा खळकन फुटला. दुसऱ्या दिवशी स्कूटर पोर्चबाहेर, ताडपत्रीखाली गेली.

दिवाळीच्या पाडव्याला झोपाळ्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला, आणि मला वाटलं, झालं, आता आपण आणि आपला झोपाळा.

पण तसं व्हायचं नव्हतं.

आमचा रस्ता जाता-येता लोकांचा. पोर्चला दार नव्हतं, कमरेएवढा कठडा आणि मोकळी जागा. बेअरिंगच्या झोपाळ्याची बातमी आठ दिवसांत सगळ्या वसाहतीत पसरली. सकाळी सहाला पेपर टाकणारा यायचा तो दोन झोके घेऊन जायचा. वीजबिल वाटणारा तिथं बसून गल्लीतली सगळी बिलं लावून घ्यायचा. दुपारी मुलीच्या मैत्रिणी. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायची, त्या बायका आधी "कधी देताय?" म्हणून घाईत यायच्या, आता "सावकाश करा हो" म्हणायला लागल्या आणि झोपाळ्यावर तासभर बसून राहायच्या. शेजारच्या काकूंनी तर भाजी निवडायचं काम कायमचं आमच्याकडं हलवलं.

आणि संध्याकाळी पाच वाजले की पैलवान. धार काढायच्या आधी ते आमच्या कठड्यापाशी यायचे आणि पहिल्या दिवसासारखंच अगदी लाजत विचारायचे, "वहिनी, जरा टेकू काय?"

नाही कसं म्हणणार? टेकायचे ते सातपर्यंत. ते बसले की दुसरं कुणी बसू शकत नसे, जागाच राहायची नाही. हे शेडमधून आले की समोर खुर्ची टाकून बसायचे आणि दोघे जगाच्या गप्पा मारायचे. मी आतून चहा आणायची, कपबशा न्यायची, पुन्हा कुणी आलं की पुन्हा पातेलं ठेवायची. लोक झोपाळ्याचं कौतुक करत होते, आणि हे प्रत्येकाला वरच्या बेअरिंग दाखवत होते. "बघा, तेलसुद्धा लागत न्हाई." माझ्या पायाच्या मापाची गोष्टसुद्धा सांगायचे.

रात्री भांडी आवरून मी बाहेर यायची तेव्हा इतकी दमलेली असायची की झोपाळ्यापेक्षा अंथरूण बरं वाटायचं. एकदा दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी बसले, एक झोका घेतला, दुसरा घेतला, तोवर कठड्यावरून काकू म्हणाल्या, "बसलीस व्हय? बस, बस. मी आपली मेथी घेऊन आले." मी सरकून त्यांना जागा दिली आणि मग चहा टाकायला उठले.

राग यायचा का? यायचा. पण कुणावर काढायचा ते कळत नसे. लोक चांगले होते. हे तर माझ्यासाठीच दोन महिने लेथवर राबले होते. आपणच मागितलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करायची तरी कशी? मी माझं मशीन खिडकीपाशी सरकवलं आणि ब्लाउजला हुका लावता लावता बाहेर हलणारा झोपाळा बघत राहिले. डोळ्यांना तरी झोका मिळायचा.

चैत्र आला. जोतिबाची यात्रा म्हणजे आमच्या रस्त्याला दोन-तीन दिवस पूर यायचा, माणसांचा. उंच सासनकाठ्या, हलगी, गुलाल, आणि "चांगभलं"च्या गजरात चालत निघालेले लोक. आम्ही दरवर्षी कठड्यापाशी पाण्याचे दोन माठ आणि गुळाचे खडे ठेवायचो. त्या वर्षी झोपाळाही होता. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत फळी गुलालानं गुलाबी झाली. पोरं चढायची, बायका बसायच्या, एकानं तर आपली थकलेली काठी त्यावर आडवी ठेवून तिलाच झोका दिला.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात एक म्हातारी आली. बरोबरचे लोक पुढं गेले होते आणि ती मागं राहिली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, हातात चपला. एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिच्या टाचेला फोड आला होता. माठापाशी पाणी प्यायली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि विचारलं, "पोरी, बसू काय गं?"

"बसा की."

मी तिला चढायला हात दिला, कारण तिचे पायही पोचत नव्हते. झोपाळा आपला हलायला लागला. मी आतून तुटक्या चपलेसाठी सुई-दोरा घेऊन आले, तोवर म्हातारी पाठीला टेकून झोपली होती. तोंड थोडं उघडं, गूळ गालात तसाच. मी दारात आलेल्या पोरांना बोटानं गप्प केलं आणि पायरीवर बसून तिची चप्पल शिवली. जाड चामडं, दोन सुया मोडल्या. रस्त्यानं हलग्या वाजत जात होत्या आणि ती आमच्या पोर्चमध्ये गाढ झोपली होती. झोका मंद झाला की मी हातानं हळूच एक ढकल द्यायची.

अर्ध्या तासानं ती जागी झाली. गडबडली. "माझी माणसं गेली की गं!"

"गेली नाहीत. वरतीच चाललीत. गाठाल तुम्ही."

चप्पल पायात घालून तिनं एकदा दाबून बघितली. मग बसल्या बसल्याच झोपाळा न्याहाळला, कड्या, मणी, वरची बेअरिंग. "लई झ्याक केलाय. कुणी केला?"

"आमच्या ह्यांनी. माझ्यासाठी."

"मग तू बसतीस तवा बरं वाटत असंल."

मी हसले. "वेळ कुठं मिळतो मावशी. येणं-जाणं, चहापाणी."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. ती बिद्रीकडची होती, चार सुना होत्या आणि दोघींशी बोलणं बंद होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "मग काय लोकास्नी दाखवाय टांगलाय व्हय?"

तिनं फळीवर बाजूला सरकून हातानं थोपटलं. "ये. बस हितं."

"अहो, पाण्याचा माठ..."

"माठ पळून जातोय व्हय? बस म्हंती न्हवं."

मी बसले. दोघींचे पाय हवेत. ती आपल्या शिवलेल्या चपलेकडं बघत, मी समोरच्या रस्त्याकडं. कुणी माठापाशी आलं की आपापलं पाणी घेऊन पीत होतं. ते पाणी त्यांना माझ्याशिवाय घेता येत होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग ती उतरली, माझ्या कपाळाला गुलालाचं बोट लावलं आणि "चांगभलं" म्हणून चालायला लागली. थोडी लंगडत होती, पण वेगानं.

यात्रा सरली आणि वसाहत पुन्हा आपल्या चालीवर आली. पहिल्याच दिवशी पावणेपाचला मी मशीनवरून उठले, वरणासाठी घेतलेली डाळ ताटात घेतली आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. अगदी मधोमध. डाळ निवडत झोके घेत राहिले.

पाच वाजता पैलवान आले. कठड्यापाशी थांबले. "वहिनी, जरा टेकू..." म्हणता म्हणता थांबले, कारण मी उठले नव्हते. मी निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला लागले, एवढ्याशा गोष्टीसाठी, आज सांगताना हसू येतं.

"टेका की पैलवान," मी म्हणाले. "पायरी मोकळी हाय."

त्यांनी पायरीकडं बघितलं, झोपाळ्याकडं बघितलं आणि बसले पायरीवर. काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट थोड्या वेळानं म्हणाले, "हितं गार लागतंय."

तेवढ्यात हे आले. खुर्ची काढली, बसले, आणि सवयीनं म्हणाले, "अगं, चहा."

"पातेलं ओट्यावर हाय. साखर निळ्या डब्यात."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डाळीतला खडा काढून कठड्याबाहेर टाकला आणि पाय हवेत जरा पुढं झुलवले. झोपाळा गेला, आला.

"बरं वाटत न्हाई काय तुला?"

"लई बरं वाटतंय."

पैलवान पायरीवर बसून आपल्या पायाच्या नखांकडं फार बारकाईनं बघत होते. हे उठले. आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. मग हाक आली, "पाणी किती?" मी सांगितलं. "म्हंजे मिलिलिटरमधी किती?" मी सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं ते तीन कप घेऊन आले, तिन्ही काठापर्यंत एकसारखे भरलेले. लेथवाल्याचं मोजमाप. चहा मात्र असा काळा उकळला होता की दूध कुठं गेलं कळत नव्हतं.

"कसा झालाय?" ह्यांनी विचारलं.

पैलवानांनी एक घोट घेतला. "गरम हाय," ते म्हणाले.

मी पूर्ण कप प्यायले. चांगला नव्हता. पण कुणीतरी हातात आणून दिलेला चहा, तोही झोके घेत, मी पहिल्यांदाच पीत होते.

त्यानंतर असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही, झालं. पाच ते सहा माझे. पैलवान पायरीवर. काकू मेथी घेऊन आल्या तर एका बाजूला बसायच्या, पण चहा टाकायला मी उठत नसे. हळूहळू ह्यांचा चहा सुधारला. मुलगी कॉलेजला गेली तोवर तर पाहुण्यांना ते स्वतःहून विचारायचे, "आल्याचा करू का साधा?" त्या झोपाळ्यावर मी कितीतरी ब्लाउजांना हुका लावल्या, मुलीच्या लग्नाच्या याद्या केल्या, अव्वा गेल्याची बातमी ऐकली तीसुद्धा तिथंच बसून. त्या दिवशी कुणीही बसायला आलं नाही. फक्त पैलवान आले आणि म्हशीच्या दुधाचा तांब्या कठड्यावर ठेवून गेले.

दोन हजार दहा सालानंतर काही वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले, कठड्यावर लाल रंगाची खूण करून गेले. पोर्च जाणार होता, घर वाचत होतं. पोर्च पाडायला आलेल्या लोकांनी दुपारी झोपाळ्यावरच बसून भाकरी खाल्ली. मग एकानं गॅस कटर पेटवला, वर बघितलं आणि विझवला.

"काकू, हे कुणी केलंय?"

ह्यांनी पुढं होऊन सांगितलं.

"हे कापायचं काम न्हवं," तो म्हणाला. त्यानं पाना मागितला. गच्चीवर चढून, डांबर खरवडून, एकेक नट सोडवत तासभर बसला. सगळे भाग फडक्यात बांधून ह्यांच्या हातात दिले. त्यांनी त्याला आत नेऊन चहा पाजला.

आता झोपाळा मागच्या अंगणात आहे, पत्र्याखाली, पाइपच्या स्टँडवर. तोही अर्थात घरीच केलेला. कुठल्या दिशेला तोंड करायचं यावर आमचा दोन दिवस वाद झाला. हे म्हणत होते घराकडं, म्हणजे डोळ्यावर ऊन येणार नाही. मला मागचं उसाचं रान बघायचं होतं. रानाकडं तोंड केलं. हंगामात तोड चालू झाली की ट्रॅक्टर उसानं भरून डुलत डुलत बांधावरून जातात, ड्रायव्हर लांबून हात करतो, आणि मी, पाय हवेत ठेवून, त्याला हात करते.